बांधावरची वारी

(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण)



मी चौथी शिकलेला माणूस. दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास सकाळी जाणत्या मंडळींनी सांगितला, त्यात मी काय भर घालणार? आणि आज माझ्या मागं टाळकरी उभे नाहीत, म्हणून अभंगही घेत नाही. साधं घरातलं बोलतो. आपली दिंडी ज्या वर्षी चालली नाही, त्या वर्षाचं बोलतो. तुम्ही म्हणाल, शताब्दीला हे काय काढलं? पण मला वारी जी थोडीफार कळली, ती त्याच वर्षी कळली.

आधी मागचं सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांबरोबर पहिली वारी केली. आमचे वडील घरात कधी बोलायचे नाहीत. सकाळी बैलं, दिवसभर रान, रात्री जेवण आणि झोप. आम्ही पोरं त्यांच्या सावलीला भ्यायचो. पण आळंदी सोडली, पुणं सोडलं आणि दिवे घाट चढताना म्हातारा बोलायला लागला. मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून चाललेलो. माझ्या आज्यानं खालचं रान सावकाराकडून कसं सोडवलं, माझी आत्या लहानपणी कशी गेली, माझं नाव कुणी ठेवलं, हे सगळं मला त्या वाटेवर कळलं. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं, आम्हीही बुडी मारली, तेव्हा त्यांनी माझं डोकं स्वतःच्या उपरण्यानं पुसलं. घरी ते काम आईचं. वडिलांचा हात इतका मऊ आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

पंढरपूरहून घरी आलो आणि वडील परत गप्प झाले. मला वाटायचं, ही पांडुरंगाची करणी. वाटेवर बोलायचं, घरी गप्प राहायचं. त्याचं कारण काय, हा विचार मी पुढं पन्नास वर्षं केला नाही.

कारण मी स्वतः घाईत पडलो. विशीत कीर्तन शिकलो. देवाच्या दयेनं आवाज बरा होता, पाठांतर चांगलं होतं. सप्त्याची आमंत्रणं यायला लागली. आज या गावात, उद्या त्या तालुक्यात. मोटारसायकल आली तशी एका रात्रीत दोन-दोन गावं करायला लागलो. लोक पाया पडायचे, हार घालायचे. मी सांगायचो, संसार नेटका करा, लेकरांना वेळ द्या, म्हातारपणी आईबापाला अंतर देऊ नका. आणि माझ्याच घरी मी पाहुण्यासारखा यायचो. धोतरं धुवायला टाकायची, दोन घास खायचे, निघायचं.

आम्हाला एकच मुलगा. शिकला, पुण्याला कंपनीत लागला, लग्न झालं, नात झाली. सगळं चांगलं. पण २०१७ साली त्यानं विषय काढला, की आप्पा, रस्त्याकडचं रान विकू, मला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय. मी भडकलो. सावकाराकडून सोडवलेलं रान! नाही नाही ते बोललो. तोही बोलला. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे फोनवर, तेही आईमार्फत. दिवाळीला यायचे, दोन दिवसांत जायचे. तीन वर्षं अशी गेली. आणि या तीन वर्षांत मी बापलेकाच्या प्रेमावर किती कीर्तनं केली असतील, ते पांडुरंगालाच ठाऊक.

मग २०२० चा मार्च आला. सगळं बंद झालं. पुण्यातली घरं सोडून लोक गावाकडं निघाले, तशी आमचीही तिघं आली. पंधरा-वीस दिवसांत परत जाऊ म्हणून आली, ती अडकली. एका घरात पाच माणसं, पण जो तो आपल्या कोपऱ्यात. मुलाचं ऑफिस मोबाईलवर, नातीची शाळा मोबाईलवर. सूनबाई चुलीपुढं अवघडलेली. माझी कीर्तनं बंद, मी ओट्यावर नुसता बसलेलो. मायबापहो, खरं सांगतो, एकत्र राहिलं की माणसं जवळ येतात हे काही खरं नाही. भिंती त्याच, माणसं तीच, रोज कुणाची ना कुणाची भांडी आपटायची.

ज्येष्ठ वद्य अष्टमी आली. माउलींच्या प्रस्थानाचा दिवस. त्या वर्षी पायी वारी होणार नव्हती. पादुका आळंदीतच राहणार आणि दशमीला एसटीतून पंढरपूरला जाणार, असं ठरलं होतं. २०२१ लाही पादुका एसटीतूनच गेल्या, हे तुम्हाला आठवतंय. त्या सकाळी माझे पाय घरात ठरेनात. इतक्या वर्षांची सवय. मंडळी म्हणाली, "असं करा, तुळशीचं रोप घेते डोक्यावर, रानाला फेरा घालू. सावता महाराज तरी कुठं पंढरीला गेले होते?"

मला तिचं म्हणणं पटलं. सावता महाराज अरणचे. मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, त्यांना देव मळ्यातच भेटला. अजूनही सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात आणि पांडुरंगाची पालखी मात्र अरणला जाते, सावता महाराजांच्या भेटीला. मग आपल्या रानात चालायला काय हरकत?

आम्ही दोघं निघालो. गळ्यात टाळ घेतला. वस्तीपासून विहीर, विहिरीपासून पाटाकडेनं आंबा, आंब्यापासून ओढा, ओढ्यातून वर माळावर आणि बांधाबांधानं परत. दीड-दोन तासांचा फेरा. मी सवयीनं झपाझप निघालो. मागून मंडळीचा आवाज आला, "लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्या चार पावलं पुढंच आहात. आज तरी बरोबर चाला." मी थांबलो. आपल्या दिंडीत विण्याला सोडून कुणी पुढं पळत नाही. थकल्याभागल्याला सांभाळून सगळे चालतात. हे मी दर वर्षी पाळतो आणि बायकोबरोबर चालताना कधी पाळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नात आली. आठ वर्षांची पोर. तिला वाटेचं सगळं नवं. मृगाचा पाऊस नुकताच झालेला, ओल्या मातीत लाल मखमली किडे निघालेले. ती तिथंच बसली. मी म्हणायला लागलो, चल, उशीर होतोय. आणि माझं मलाच हसू आलं. कसला उशीर? कुठं पोहोचायचंय? आम्ही तिघंही बसलो. ती किडे बघत होती आणि मी तिला बघत होतो. तिच्या उजव्या भुवईत तीळ आहे, हे मला तिच्या आठव्या वर्षी दिसलं.

तिनंच फेऱ्याला नावं दिली. मी वाटेची गावं सांगायचो, ती जागा ठरवायची. विहीर म्हणजे सासवड. आंबा म्हणजे लोणंद, कारण तिथं मुक्काम बरा. ओढा म्हणजे नीरा. माळाचा चढ म्हणजे दिवे घाट. मी म्हणलं, "बाय, दिवे घाट सासवडच्या आधी येतो." ती म्हणाली, "आजोबा, आपल्या वारीत नंतर येतो."

तिसऱ्या दिवसापासून सूनबाई यायला लागली. ती शहरात वाढलेली. आपल्याला सासूसासऱ्यांशी काय बोलावं कळत नाही, असं तिला वाटायचं, हे तिनं पुढं सांगितलं. चालताना ती आणि तिची सासू मागं राहायच्या. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात, ती बघत दोघी उभ्या राहायच्या. चुलीपाशी दोघींचं तोंड वाकडं असायचं, वाटेवर सुटलं. चुलीपाशी एकीचं काम दुसरीच्या डोळ्यापुढं असतं ना. वाटेवर दोघींच्याही हाताला काम नाही, मग कुणी कुणाची चूक काढायची?

मुलगा काही आला नाही. मी त्याला बोलावलंही नाही. बोलावलं असतं तर तो आला नसता, एवढं मी बाप म्हणून ओळखत होतो.

सहाव्या की सातव्या दिवशी तो मागं चालताना दिसला. हातात मोबाईल. पन्नास पावलं अंतर ठेवून. आमच्याकडं आंब्याच्या पुढं रेंज नाही. आंबा आला, मोबाईल खिशात गेला. मग रोजच यायला लागला. दोन दिवस काही बोलला नाही, मीही बोललो नाही. माझ्या जिभेला सवय दोन-दोन तास बोलायची, पण तिला आवरलं. कुठं पावशा ओरडायचा, कुठं टिटवी डोक्यावरून जायची. तेवढाच आवाज.

मग एक दिवस पाटाजवळ आलो. तिथं तो थांबला. बायका आणि पोर पुढं गेलेल्या. तो पाटाकडं बघत म्हणाला, "आप्पा, इथं मी रात्री दारं धरायचो."

मी म्हणलं, "हो, माहीत आहे."

तो म्हणाला, "काय माहीत आहे? मी सातवीत होतो. आपल्याकडं रात्रीची लाईट असायची. गव्हाला पाणी. आईचं अंग दुखायचं म्हणून मी यायचो. एक बॅटरी, तिचे सेल उतरलेले. या बांधात मी दोनदा साप बघितलाय. तुम्ही सप्त्याला असायचा. मला इतकी भीती वाटायची, की मी मोठ्यानं हरिपाठ म्हणायचो. रात्रभर. आप्पा, मला हरिपाठ पाठ आहे तो भक्तीनं नाही, भीतीनं पाठ आहे. आणि हे रान बघितलं की मला तेच आठवतं. म्हणून मला ते नको होतं."

मायबापहो, त्या पोराचा हरिपाठ पाठ आहे याचा मी वीस वर्षं अभिमान सांगत होतो. भर कीर्तनात सांगत होतो. त्याच वयाचं पोर अंधारात एकटं पाण्यात उभं होतं आणि मी शेजारच्या तालुक्यात श्रावणबाळाची कथा रंगवत होतो. लोक रडत होते, मीही रडत होतो.

कीर्तनकाराला प्रत्येक गोष्टीवर प्रमाण सापडतं. त्या वेळी मला एकही सापडलं नाही. मी एवढंच म्हणलं, "चुकलं माझं." तो काही बोलला नाही. पाटाला एके ठिकाणी भोक पडलं होतं, तिथं बसला, हातानं माती ओढून ते बुजवलं. मी शेजारी बसून माती दिली. मग आम्ही उठलो आणि चालायला लागलो.

पुढच्या दिवसांत तो थोडं थोडं बोलत गेला. मीही माझं सांगितलं. बाप नीरेला डोकं पुसत होता ते सांगितलं. मला हाराची, पाया पडण्याची चटक लागली होती, तेही सांगितलं. चालताना हे बोलणं सोपं जातं. घरात समोरासमोर बसलं की एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागतं, आवाज चढतो. वाटेवर दोघांची नजर पुढं असते. शब्द जड झाला तर गप्प राहून चालता येतं, उत्तर लगेच द्यावं लागत नाही. आमचे वडील दिवे घाटात का बोलायचे आणि घरात का गप्प असायचे, ते मला साठी उलटल्यावर कळलं. घरात त्यांच्या डोक्यावर बैलं, पेरणी, कर्ज, सगळं उभं असायचं. वाटेवर त्यांना फक्त चालायचं होतं.

एकादशीला, १ जुलैला, आम्ही फेरा पूर्ण करून विहिरीपाशी आलो. वारीची आपली रीत आहे, लहान मोठ्याच्या पाया पडतो आणि मोठाही लहानाच्या पाया पडतो. त्या दिवशी पाचही जण एकमेकांच्या पाया पडलो. मुलगा माझ्या पाया पडला, मी वाकून त्याच्या पायांना हात लावला. दर वर्षी वाटेवर हजार माणसांच्या पायांना हात लावतो. पण ते पाय ओळखीचे नव्हते. हे पाय रात्री पाण्यात उभे राहिलेले.

आता कुणी विचारेल, रानाचं काय झालं? सांगतो. रस्त्याकडचं एक एकर आम्ही पुढच्या वर्षी विकलं. सही मीच केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण उरलेल्या चार एकरांत आता मुलगा महिन्यातून दोनदा येतो. आल्यावर आधी फेरा, मग चहा. मी एक एकर धरून बसलो असतो, तर पाचही एकर असते, पण फेऱ्याला कुणी नसतं.

आपल्या माउलींच्या घरची कथा तुम्हाला माहीत आहे. विठ्ठलपंतांना आळंदीनं वाळीत टाकलं. तेव्हा ते रुक्मिणीबाईंना आणि चारही लेकरांना घेऊन त्र्यंबकेश्वरला गेले, ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायला. वाटेत वाघ आला, धावपळ झाली, निवृत्तिनाथ चुकले आणि एका गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले, असं सांगतात. आपण कीर्तनात वाघ सांगतो, गुहा सांगतो. मला हल्ली त्या कथेत दुसरंच दिसतं. सगळीकडून दारं बंद झालेला बाप लेकरांना बरोबर घेऊन डोंगराभोवती चालतोय. पुढं काय होणार ते त्याला माहीत नाही. हाताशी फक्त ही वाट आणि ही लेकरं. त्या चार भावंडांचा एकमेकांवरचा जीव आपण गातो, त्यातला थोडा तरी त्या वाटेवर वाढला असेल, असं माझं शेतकऱ्याचं मत आहे. शास्त्री मंडळींनी चूक पोटात घालावी.

दुसरं एक सांगतो. आळंदी ते पंढरपूर अठरा-एकोणीस दिवसांची वाट. तेवढ्या वाटेत आपण वारकरी मन भरून धावतो ते वेळापूरच्या धाव्याला. बाकी सगळं चालणं. थांबणं, विसावा घेणं, पुन्हा चालणं. जाणत्यांनी वारी अशी बांधली, ती उगाच नाही. आणि आपण वर्षभर काय करतो? रोज धावा. पोरगं शाळेला धावतंय, सून कामाला धावतेय, बाप बाजाराला धावतोय. संध्याकाळी सगळे दमून एका छपराखाली येतात आणि आपण म्हणतो, घर एकत्र आहे.

म्हणून दिंडीच्या दुसऱ्या शंभर वर्षांसाठी माझी हात जोडून विनंती आहे. आपल्यातला प्रत्येक जण वारीला एकटा येतो. म्हातारा येतो, पोरगं घरी. बाई येते, सून घरी. पुढच्या वारीपासून घरातलं एक माणूस एक दिवस तरी बरोबर आणा. बरड ते नातेपुते आणा, वेळापूर ते भंडीशेगाव आणा, सोयीचा टप्पा बघा. आणि त्याला टाळ शिकवायच्या, अभंग पाठ करून घ्यायच्या मागं लागू नका. फक्त बरोबर चाला.

ज्याला ते जमत नाही त्यानं महिन्याच्या दोन एकादश्या धराव्यात. संध्याकाळी घरची सगळी माणसं घेऊन रानाला फेरा घालावा. रान नसेल तर ओढ्याकडेनं, नदीकाठानं, देवळाच्या माळानं जावं. चालताना पुढं कुणी पळू नये. पोर बसलं तर आपणही बसावं. शेताचे हिशेब आणि पोरांचे मार्क घरी ठेवून यावं. आणि कुणी बोलायला लागलं, ते आपल्याला टोचणारं असलं, तरी मधे तोडू नये. एका फेऱ्यात काही होत नाही. आम्हाला पहिल्या पाच-सहा दिवसांत नुसते किडे आणि घरटी दिसली. माणूस त्याच्यानंतर दिसला.

आणि कीर्तनकार मंडळींना एक सांगतो, लहान तोंडी मोठा घास. महिन्यातलं एक आमंत्रण परत करा. गाव रागावेल, दुसरा महाराज बोलावेल, सप्ता काही अडणार नाही. आपलं पोर मात्र सातवीत एकदाच असतं.

माझं हे बोलणं नातीनं लिहून काढलं. ती आता मोठी झाली, मोबाईलवर भराभर मराठी टाईप करते. लिहिताना मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही दिवे घाटाचं लिहायला सांगितलंत, तो सासवडच्या आधी की नंतर?" मी म्हणलं, "दिंडीच्या पुस्तकात जातंय, तेव्हा आधी लिही. घरी नंतरच राहू दे."

चुकलंमाकलं लेकराचं म्हणून पोटात घाला.

राम कृष्ण हरी.